वीसच्या आतल्या पटाची शाळा आणि जिल्हा परिषदेचा उमेदवार : या आश्वासनावर मत द्यावं का?

काजळीकाठ

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गटात (मतदारसंघात) जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आहे. मार्च 2022 पासून प्रशासकच होता, त्यामुळे इतक्या वर्षांनी उमेदवार दारात येताहेत. रस्ता, पाणी, साकव ही आश्वासनं सगळ्यांचीच आहेत. एका उमेदवाराने मात्र पत्रकात सगळ्यात वर लिहिलंय की गटातली एकही मराठी शाळा कमी पटाचं कारण देऊन बंद होऊ देणार नाही. परवा देवळातल्या बैठकीत यावरून वाद झाला. निम्म्या लोकांचं म्हणणं, हा मत देण्याजोगा मुद्दाच नाही. मला तर हाच सगळ्यात मोठा वाटतो.

थोडं मागचं सांगतो. डिसेंबर 2017 मध्ये दहाच्या आत पट असलेल्या 1,314 शाळा बंद करून मुलं दुसरीकडे पाठवायचं ठरलं होतं. सप्टेंबर 2023 मध्ये 'समूह शाळा' आल्या, म्हणजे जवळजवळच्या कमी पटाच्या शाळा मिळून एकच शाळा. तेव्हा राज्यात वीसच्या आत पट असलेल्या 14,783 शाळा होत्या आणि त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुलं शिकत होती. नमुना म्हणून पुण्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ दाखवलं गेलं. त्यानंतर 15 मार्च 2024 चा संचमान्यतेचा, म्हणजे पटानुसार शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचा, निर्णय आला. सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षकाचं पद शून्य. आता शाळा बंद करण्याचा आदेश काढायची गरजच उरलेली नाही. पद जातं, मग शिक्षक जातो, मग पालक दाखला काढतात, आणि पुढच्या वर्षी पट नाही म्हणून कुलूप.

कोकणातली वाडी गावापासून तुटक असते. मधे चढ, रान, पऱ्ह्या (ओढा). त्या वाडीवरची शाळा गेली तर सहा वर्षांच्या मुलाने जुलैत कुठून जायचं? जो उमेदवार हे पत्रकावर पहिलं लिहितो, त्याला मी मत देणार.

निवृत्त केंद्रप्रमुख

तुमची कळकळ खरी आहे, पण मी नोकरीची कितीतरी वर्षं अशाच शाळांत घालवली आहेत. चार मुलं, चार वेगवेगळ्या इयत्ता, एक शिक्षक. तो शिक्षक आठवड्यातून एकदा तरी केंद्रावर किंवा पंचायत समितीत. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, मतदार यादीचं काम त्याच्याच गळ्यात. ज्या दिवशी तो नाही, त्या दिवशी शाळा नाही. तिसरीतल्या मुलीला वर्गात बोलायला दुसरं मूल नाही. कबड्डी नाही, गटात वाचन नाही, भांडण नाही आणि समेटही नाही. आपण तिला शाळा दिली असं म्हणतो, प्रत्यक्षात इमारत दिलेली असते.

तीन-चार वाड्या मिळून पन्नास-साठ मुलांची शाळा, चार शिक्षक, आणि दारापर्यंत गाडी. मुलांच्या बाजूने विचार केला तर मला हे जास्त न्यायाचं वाटतं. 'एकही शाळा बंद होऊ देणार नाही' हे वाक्य मोठ्यांच्या गावाभिमानासाठी आहे.

वाडीवरची आई

सर, गाडी दारापर्यंत येईल हे तुम्ही धरून चाललात. आमच्या वाडीला पावसाळ्यात दुचाकीसुद्धा येत नाही. आमच्या वरच्या अंगाला धनगरवाडा आहे, तिथली मुलं आमच्या शाळेत उतरून येतात. ही शाळा खाली गावात गेली तर त्यांची वाट दुप्पट होणार. त्यांच्यातल्या मुली पाचवीनंतर घरी बसतात हे आम्ही बघतोच आहोत, मग त्या पहिलीपासूनच घरी बसतील. वाहतूक भत्ता कागदावर आहे. तो वर्षाच्या शेवटी खात्यात येतो, आणि तोवर रिक्षावाल्याला पैसे आम्हीच द्यायचे. आणि गाडी एखाद्या दिवशी आली नाही तर दिवसभराची मजुरी सोडून पोहोचवायला जाणार कोण?

एकट्या मुलाला सोबत हवी हे मलाही कळतं. पण सोबत मिळावी म्हणून त्याला पऱ्ह्या ओलांडायला लावणं मला पटत नाही.

परळचा चाकरमानी

मी गणपतीला आणि शिमग्याला गावी येतो. वाडीत म्हातारी माणसंच उरली आहेत. मुलंच नाहीत तर शाळा कोणासाठी? माझी दोन्ही मुलं मुंबईत शिकली, माझ्या भावाचीही. पट शासनाने कमी केलेला नाही, आपण केला. शिवाय जी घरं गावात आहेत ती तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी दारात बोलावतात. त्या उमेदवाराची स्वतःची मुलं कुठे शिकतात हे कोणी विचारलं का? माझा उमेदवारावर राग नाही, पण हे आश्वासन ऐकून मला आशा वाटत नाही.

काजळीकाठ

दादा, विचारलं. त्याची मुलगी तालुक्याला इंग्रजी माध्यमात आहे आणि त्याने ते भर बैठकीत सांगितलं. मला ते खटकलं, पण ज्या घरांना पिवळी गाडी परवडत नाही त्यांचा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. उलट गावात उरलेली मुलं आज सगळ्यात गरीब घरांतली आहेत. त्यांच्याकडे दुसरा पर्यायच नाही.

आणि पट आपणच कमी केला, हे अर्धंच खरं. 2023 मध्ये आंतरजिल्हा बदल्यांत रत्नागिरीतून शेकडो शिक्षक एकदम बाहेर गेले. त्या जूनमध्ये कितीतरी शाळा शिक्षकाविना उघडल्या. कामगिरीवर, म्हणजे दुसऱ्या शाळेतून तात्पुरता आलेला शिक्षक दोन महिन्यांनी बदलतो, हे बघून कुठला पालक मूल ठेवेल? खेड तालुक्यातली, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या खेडची, जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पट तीनवर येऊन बंद पडायला टेकली होती. तीच शाळा 2025 मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांनी पहिली आली. तीनचा पट म्हणून तेव्हाच कुलूप लावलं असतं तर?

निवृत्त केंद्रप्रमुख

जालिंदरनगर मला ठाऊक आहे आणि त्या शिक्षकाबद्दल आदर आहे. पण एका असामान्य माणसावर चौदा हजार शाळांचं धोरण उभं राहत नाही. ती शाळा पुण्याजवळ आहे, आसपास वस्ती वाढते आहे. आमच्या वाड्यांत वाढतंय ते फक्त रान.

कलम नऊ

मी वकिली करतो, म्हणून मुद्दा वेगळा मांडतो. संचमान्यता राज्य शासन करतं, शिक्षकभरतीही तेच करतं. जिल्हा परिषद सदस्य मंत्रालयाचा निर्णय रद्द करू शकत नाही. तेव्हा 'बंद होऊ देणार नाही' हे आश्वासन जसंच्या तसं कोणालाच पाळता येणार नाही.

पण सदस्याच्या हातात काहीच नाही, हेही चूक. शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 9 स्थानिक प्राधिकरणावर जबाबदारी टाकतं की परिसरात शाळा उपलब्ध असली पाहिजे. ग्रामीण भागात ते प्राधिकरण म्हणजे जिल्हा परिषद. राज्याच्या नियमात पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतर आहे. बंदच्या बाजूने बोलणारे त्याच नियमातली किमान वीस मुलांची अट दाखवतात, आणि ती आहेच. पण ती नवी शाळा काढण्यासाठीची अट आहे, चालू शाळा मोडण्यासाठीची नाही. केंद्राच्या आदर्श नियमांत तर दरड, पूर, रस्ता नसणं अशा ठिकाणी अंतराची मर्यादा कमी करायला सांगितलं आहे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हेही कायद्याच्या परिशिष्टातच आहे. म्हणजे एकशिक्षकी शाळा हा शाळेचा दोष नाही, शासनाने कायदा न पाळल्याचा परिणाम आहे. सरांनी केलेलं वर्णन खरं आहे, फक्त त्याचं उत्तर समायोजन (शाळा बंद करून मुलं दुसऱ्या शाळेत घालणं) नव्हे, दुसरा शिक्षक आहे.

सदस्य करू शकतो त्या गोष्टी : सर्वसाधारण सभेत ठराव, शिक्षण समितीत प्रत्येक प्रस्तावित समायोजनावर रस्त्याची प्रत्यक्ष पाहणी मागणं, आणि स्वनिधीतून (जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या पैशातून) तात्पुरत्या स्वयंसेवकाचं मानधन. उमेदवाराने एवढं जरी लिहून दिलं तरी ते पाच वर्षं तपासता येईल.

परळचा चाकरमानी

स्वनिधी किती असतो ते बघा आधी. त्यातून पाखाड्या (दगडी पायवाटा), गटारं, सगळंच मागतात लोक.

वाडीवरची आई

पाखाडी एक वर्ष थांबेल. मूल पहिलीत एकदाच असतं.

काजळीकाठ

कलम नऊ, तुमच्या तिन्ही गोष्टी मी उमेदवाराच्या पुढच्या सभेत वाचून दाखवणार आहे आणि समोरच्या दोन उमेदवारांनाही पाठवणार आहे. गटातल्या वीसच्या आतल्या शाळांची यादी शाळा व्यवस्थापन समित्यांकडून गोळा होते आहे. प्रत्येक शाळेपुढे सर्वात जवळची दुसरी शाळा आणि मधली वाट पावसात बंद पडते का, एवढंच लिहायचं. सर, तुम्हाला या सगळ्या वाटा पायाखालच्या आहेत. यादी तपासून द्याल?

निवृत्त केंद्रप्रमुख

देईन. पण त्यात आणखी एक रकाना घाला : आज हजेरीला खरंच किती मुलं आहेत. वाट बारमाही असेल, पट दोन असेल आणि पुढच्या तीन वर्षांत त्या वाडीतून पहिलीला येणारं एकही मूल नसेल, तर त्या शाळेचं काय करायचं, हे तुमच्या उमेदवाराने त्याच सभेत सांगावं. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी त्याला मत देणार नाही.