मदत हवी आहे: ट्रेलर घेऊन ग्रँट-कोर्स रँच, माँटाना

जुलैत आम्ही चार कुटुंबं आपापले ट्रेलर घेऊन यलोस्टोनहून मिझूलाला निघतोय. वाटेत डीअर लॉज गावातली ग्रँट-कोर्स रँच बघायचीच आहे. कॉनराड कोर्सने १८६६ मध्ये जॉनी ग्रँटकडून घेतलेली ही रँच आता नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे आणि तिथे अजून गुरं पाळतात. काचेआडच्या संग्रहालयापेक्षा मुलांना हेच आवडेल.

प्रवेश फुकट, रँचवरचं घर फक्त रेंजरसोबतच (पार्कच्या कर्मचाऱ्यासोबत) बघता येतं आणि आत मुक्कामाची सोय नाही, एवढं वाचलंय. पार्किंग सॅटेलाइट नकाशावर पाहिलं, पण दुपारी लांब गाड्यांना जागा उरते का, ते त्यात थोडंच दिसणार! पिकअप धरून प्रत्येकाची लांबी ५० फुटांच्या आसपास आहे. ट्रेलर त्याआधी लागणाऱ्या ब्यूट गावी सोडून जाता येईल, पण मग ते आणायला उलटं यावं लागेल, ते टाळायचंय. मुक्काम मिझूलालाच, बुकिंग झालंय.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून पार्किंगपासून घरापर्यंतची चाल महत्त्वाची.

कुणी ट्रेलरसकट गेलंय का? चारही एकदम लागतील, की दोन-दोन करून जावं? आणि घराच्या फेरीत आम्हा चौदा जणांना एकत्र घेतील का?