‘थेस्सलनीकाकरांची मंडळी’ : ही मंडळी म्हणजे नेमके कोण?

पत्रवाचक

आमच्या वाचनगटात सध्या बायबलच्या नव्या करारातील थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र चालू आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याच्या उपलब्ध पत्रांपैकी हे सर्वांत जुने असून ते इ.स. 50-51 च्या सुमारास करिंथहून लिहिले गेले. ग्रीसच्या उत्तरेकडील मासेदोनियातल्या थेस्सलनीका या शहरात नवा समुदाय उभा राहून काही महिनेच झाले होते, विरोधामुळे पौलाला तेथून घाईने निघावे लागले होते आणि मागे राहिलेल्या माणसांची खबर घेण्यासाठी त्याने अथेन्सहून आपला सहकारी तीमथ्य याला पाठवले होते. ही पार्श्वभूमी मी टिपणात दिली आणि पत्राच्या पहिल्याच ओळीतील ‘थेस्सलनीकाकरांची मंडळी’ हे शब्द जसेच्या तसे ठेवले. टिपण वाचणाऱ्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी ‘मंडळी’ खोडून तेथे ‘लोक’ असे लिहून दिले. त्यांचे म्हणणे असे की ‘काय मंडळी, कसं काय?’ यातला शब्द धर्मग्रंथाच्या अभ्यासात शोभत नाही आणि त्यातून संघटित समुदायाचा बोधही होत नाही. ‘चर्च’ लिहावे तर वाचकाच्या डोळ्यांपुढे मनोरा आणि घंटा येतात, इ.स. 50 मध्ये इमारत नव्हतीच, नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात येते ते यासोन नावाच्या यजमानाचे घर. सभा, संघ, समाज, ख्रिस्तसभा यांपैकी कोणता शब्द वापरावा, की मंडळीच बरी?

नगरची लेक

आमच्या नगरकडे हा प्रश्न कोणाला पडणार नाही, कारण ‘मंडळीत घेतले’, ‘मंडळीचे वडील’, ‘मंडळीची वर्गणी’ हे शब्द ऐकतच आम्ही वाढलो. माझे आजोबा ‘आमची मंडळी माहेरी गेली आहे’ म्हणत तेव्हा ती आजी असे, आणि ‘मंडळीने ठरवले आहे’ म्हणत तेव्हा पाळकांसकट (धर्मगुरूंसकट) सारे सभासद असत. या दोहोंत गोंधळ झाल्याचे मला आठवत नाही. आपल्या गृहस्थांना एक खूण सांगा. व्यवहारातल्या ‘मंडळी’चे अनेकवचन कोणी करत नाही, पण ख्रिस्ती मराठीत ‘मंडळ्या’ सर्रास होतात. याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या चौदाव्या ओवीत यहूदीयातल्या मंडळ्यांचा उल्लेख आहे. ज्या शब्दाचे अनेकवचन होते त्याला निश्चित आकार असतो, म्हणून ‘लोक’ हा त्याचा पर्याय होऊ शकत नाही.

कोशप्रेमी

ताईंनी ‘ओवी’ म्हटले ते वाचून बरे वाटले, जरी छापील ग्रंथात ‘वचन’ म्हणतात.

मूळ मुद्द्याकडे येतो. ‘मंडळी’ हा शब्द सैल आहे असे आज वाटते, त्याचे कारण शब्दात नसून आपल्या काळात आहे. 1849 मध्ये मुंबईत जातिभेद मोडण्यासाठी गुप्तपणे जमणाऱ्या सुधारकांची परमहंस मंडळी होती आणि बाबा पदमनजी ख्रिस्ती होण्यापूर्वी तिच्यात वावरले होते. पुढे 1880 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळी निघाली आणि 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी. नियम, वर्गणी, हिशेब आणि सभासद असलेल्या संस्थेला त्या शतकातला मराठी माणूस सहज मंडळी म्हणत होता, त्यामुळे पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, भाषांतरकारांनी हा शब्द घेतला तेव्हा त्यांनी चालू व्यवहारातलाच शब्द घेतला. नंतर नाटक मंडळ्या ‘कंपन्या’ झाल्या, बाकीच्या ‘संस्था’ आणि ‘मंडळे’ झाल्या, आणि मंडळी बिचारी लग्नघरात उरली. व्युत्पत्तीने पाहिले तर मंडल म्हणजे वर्तुळ. वर्तुळात बसलेल्यांत पुढचा-मागचा कोणी नसतो. नव्या, लहान, एकमेकांना भाऊ म्हणणाऱ्या समुदायासाठी याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही.

ग्रीकचा विद्यार्थी

वर्तुळाची कल्पना देखणी आहे, पण मूळ शब्दाशी तिचा संबंध नाही. पौलाने ‘एक्लेसिया’ लिहिले आहे. प्रवचनांत या शब्दाची फोड ‘बाहेर बोलावलेले’ अशी करून त्यावर बरेच इमले चढवले जातात. शब्दाची घडण तशी आहे हे खरे, परंतु पहिल्या शतकातल्या ग्रीक माणसाच्या कानाला तो शब्द नगरातल्या नागरिकांची सभा एवढेच सांगत असे. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिसमधल्या दंगलीत जमलेल्या जमावालाही हाच शब्द वापरला आहे आणि नगराच्या कायदेशीर सभेलाही तोच. थेस्सलनीका हे तर रोमन अमलाखालचे स्वतंत्र नगर होते. त्याचे अधिकारी ‘पोलितार्ख’ म्हणवत आणि ती पदवी तेथे सापडलेल्या शिलालेखांतही आहे. पौल इतरत्र ‘करिंथ येथील देवाची मंडळी’ असे स्थळावरून लिहितो, येथे मात्र ‘थेस्सलनीकाकरांची’ असे माणसांवरून लिहितो. केवळ ‘थेस्सलनीकाकरांची एक्लेसिया’ एवढेच शब्द कोणी बाजारात ऐकले असते तर त्याला नगरसभाच वाटली असती, म्हणूनच त्याला लगेच ‘देवपिता व प्रभू येशू ख्रिस्त यांच्या ठायी असलेली’ अशी जोड द्यावी लागते. हा ताण ‘मंडळी’त पूर्ण हरवतो. ‘सभा’ लिहिले तर निदान थोडा उरतो. पुण्यात 1870 मध्ये सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा संस्थेच्या अर्थाने हा शब्द मराठीला परका नाही.

याला दुसरी बाजूही आहे, ती लपवत नाही. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात इस्राएल लोकांच्या जमलेल्या समुदायासाठीही पुष्कळदा हाच शब्द येतो, त्यामुळे पौलाच्या मनात नगरसभा अधिक होती की अरण्यातले इस्राएल, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

नगरची लेक

सभा आमच्याकडे भरते आणि संपते. मंडळी सोमवारीही असते. एवढ्या एका कारणासाठी मी ‘सभा’ स्वीकारणार नाही.

अस्सल मराठी

आपण सारे पर्यायांमध्ये ‘चर्च’ला जागा कशी देता, याचे नवल वाटते. भाषेत सक्षम शब्द असताना इंग्रजीकडे हात पसरण्याची सवय मोडली पाहिजे. ‘संघ’ हा शब्द घ्यावा. तो संस्कृतोद्भव आहे, धार्मिक समुदायासाठी या भूमीत दोन हजारांहून अधिक वर्षे वापरात आहे आणि त्यात शिस्तीचा अर्थही आहे.

कोशप्रेमी

तो ज्यांच्याकडे दोन हजारांहून अधिक वर्षे वापरात आहे त्या बौद्धांनी आपल्या त्रिशरणात त्याला जागा दिली आहे. दुसऱ्याच्या शरणागतीच्या सूत्रातला शब्द उचलून पौलाच्या तोंडी घालणे मला प्रशस्त वाटत नाही. शिवाय महाराष्ट्रात आज नुसते ‘संघ’ म्हटले की वाचकाचे मन कोठे जाते हे आपण जाणताच.

वसईचा रहिवासी

आम्ही कॅथलिक लोक मराठीत ‘ख्रिस्तसभा’ म्हणतो, तेव्हा ‘सभा संपते’ हा आक्षेप आमच्या कानांना पटत नाही. तथापि या पत्रासाठी मी तो शब्द सुचवणार नाही, कारण ख्रिस्तसभा म्हटले की जगभरची, धर्माध्यक्षांसह (बिशपांसह) उभी असलेली संस्था मनात येते; आणि येथे तर शेवटच्या अध्यायात ‘तुमच्यामध्ये जे श्रम करतात’ इतकेच वर्णन असलेली माणसे आहेत.

परंतु अस्सल मराठी यांच्यासाठी एक गोष्ट सांगणे भाग आहे. गोव्यात देवळाला, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनामंदिराला, ‘इगर्ज’ म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज ‘इग्रेझा’वरून आला, पोर्तुगीजमध्ये लॅटिन ‘एक्लेसिया’वरून आणि लॅटिनमध्ये ग्रीकवरून. म्हणजे ज्याला आपण परका म्हणून बाहेर काढाल तोच पौलाने स्वतः लिहिलेला शब्द आहे, प्रवासाने थोडा झिजलेला. ‘चर्च’चे मूळ मात्र वेगळे, ते ‘प्रभूचे’ या अर्थाच्या ग्रीक विशेषणाकडे जाते.

अस्सल मराठी

झिजलेला ग्रीक शब्द मराठी होत नाही. आणि गोव्यातील कोकणी शब्द येथे आणून मराठीचा प्रश्न कसा सुटतो?

वसईचा रहिवासी

सुटत नाही. शुद्धतेच्या नावाखाली आपण कशाकशाला नकार देतो एवढे मात्र त्यातून दिसते. शुद्धतेचा आग्रह उलट दिशेनेही धरता येतो, हे पंडिता रमाबाईंनी दाखवले आहे. त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण शास्त्राचे मराठी भाषांतर केले ते साध्या बायकांना कळावे म्हणून, आणि त्यांची तक्रार होती ती संस्कृतप्रचुर, वेदान्ताचा वास येणाऱ्या शब्दांविरुद्ध. त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते ग्रंथरूपाने बाहेर पडले. संस्कृतात पंडिता ही पदवी मिळवलेल्या विदुषीने ते संस्कृत बाजूला ठेवले, याचा विचार संघवाद्यांनी करावा.

पत्रवाचक

चर्चा उत्तम चालली आहे, मात्र पौलाच्या पत्रांच्या नावांतील ‘-करांस’ या प्रत्ययाने गटात दुसरीच अडचण निर्माण केली आहे. रोमकर, करिंथकर, इफिसकर हे पुणेकरांसारखे सहज वाटतात. गलतीकरांपाशी मात्र तरुण मुले हसतात, कारण त्यांच्या कानात हिंदी ‘गलती’ असते.

कोशप्रेमी

हसू द्यावे. ‘-कर’ ही भाषांतरकारांची फार मोठी कामगिरी आहे. त्या एका प्रत्ययाने परमुलखातली माणसे आपल्या आळीत येऊन बसली. गलतिया हा प्रांत आहे, गाव नव्हे, म्हणून तेथे प्रत्यय थोडा ताणला गेला इतकेच. थेस्सलनीकाकरांना तर तो फारच शोभतो, कारण पौलाने माणसांवरून नाव घेतले हे आपल्या ग्रीकच्या विद्यार्थ्यांनीच वर सांगितले आहे.

ग्रीकचा विद्यार्थी

या पत्रात मंडळीपेक्षा मोठी अडचण चौथ्या अध्यायात आहे आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नाही. समुदायातली काही माणसे मरण पावली होती, आणि प्रभू येशू पुन्हा येईल त्या वेळी त्यांचे काय होणार याची उरलेल्यांना चिंता होती. पौल त्या मृतांना ‘झोपी गेलेले’ म्हणतो, आणि पुढे सांगतो की जिवंत उरलेले त्यांच्याबरोबर प्रभूला सामोरे होण्यासाठी ‘मेघारूढ असे अंतराळात घेतले जाऊ’. हे वाचताच गटात कोणीतरी अंतराळवीरांचे नाव काढले असणार.

पत्रवाचक

काढले! राकेश शर्मांचेच काढले. पुढची पंधरा मिनिटे पत्र बाजूला राहिले.

नगरची लेक

‘झोपी गेलेले’बद्दल आधी बोलू. आमच्याकडे निधनाच्या सूचनेत ‘ख्रिस्तवासी’ लिहितात. कैलासवासी, वैकुंठवासी यांच्या साच्यात तो घडवलेला शब्द आहे हे उघडच आहे आणि काही पाळकांना तो त्याच कारणासाठी आवडत नाही. पण याच अध्यायाच्या सोळाव्या वचनात ‘ख्रिस्तामध्ये मेलेले’ असे शब्द आहेत. साचा पंढरीचा असेल, आतला मजकूर थेस्सलनीकाचा आहे.

वसईचा रहिवासी

आणि ‘झोपणे’ या अर्थाच्या त्याच ग्रीक धातूपासून झोपण्याच्या जागेचा जो शब्द झाला तो इंग्रजीत ‘सिमेट्री’ आणि गोव्यात ‘सिमितेर’ म्हणून नांदतो.

कोशप्रेमी

अंतराळाविषयी मी भाषांतरकारांच्या बाजूने उभा राहतो. अंतराळ म्हणजे मधली जागा. मंदिरात गाभारा आणि सभामंडप यांच्या मधल्या भागाला आजही अंतराळ म्हणतात. ग्रीकमध्ये तेथे ‘आएर’ आहे, म्हणजे पृथ्वीलगतची हवा, ताऱ्यांचे आकाश नव्हे. तेव्हा जमीन आणि आकाश यांच्या मधले पोकळ ठिकाण या अर्थाने अंतराळ अगदी बिनचूक होते. 1961 मध्ये गागारिन वर गेल्यावर आणि वर्तमानपत्रांनी हा शब्द त्याच्या प्रवासासाठी रूढ केल्यावर शास्त्रातला अंतराळ वाचकाच्या मनात शेकडो किलोमीटर उंच सरकला.

अस्सल मराठी

मग तेथे ‘अंतरिक्ष’ करावे. तो वैदिक शब्द आहे आणि त्याचा अर्थही पृथ्वी व द्युलोक यांच्या मधला प्रदेश असाच आहे.

ग्रीकचा विद्यार्थी

अंतरिक्षाचीही तीच गत झाली आहे, तोही यानांच्या बातम्यांत गेला. मला विचाराल तर त्या वाक्यात जपण्याजोगा शब्द ‘सामोरे’ हा आहे. ग्रीक ‘अपान्तेसिस’ म्हणजे येणाऱ्या मान्यवराला नगराबाहेर जाऊन भेटणे. मत्तयाच्या शुभवर्तमानात दहा कुमारी वराला भेटायला निघतात तेथे तो शब्द आहे, आणि रोममधले ख्रिस्ती बंधू पौलाला रोमबाहेरच्या अप्पियाच्या पेठेपर्यंत घ्यायला येतात तेथेही. गावाच्या शिवेवर वराला सामोरे जाऊन सीमांतपूजन करायचे आणि त्याला घेऊन मांडवात परत यायचे, हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. म्हणजे वर जाणे हे कायमचे निघून जाणे आहे की प्रभूला घेऊन खाली येण्यासाठी आहे, हा जो मोठा वाद या वचनावर आहे त्यात मराठी शब्द आपोआप एक बाजू घेतो.

नगरची लेक

आमचे पाळक नेमकी दुसरी बाजू घेतात आणि त्यासाठी सतराव्या वचनाच्या शेवटी असलेले ‘सदोदित प्रभूजवळ राहू’ हे शब्द पुढे करतात. सामोरे जाणारे परत येतातच असा नियम मराठीतही नाही. संकटाला सामोरा गेलेला माणूस त्याला घरी घेऊन येत नाही.

कोशप्रेमी

ताई, तो लाक्षणिक अर्थ अलीकडचा आहे. जुन्या मराठीत सामोरे जाणे पाहुण्यालाच होते.

नगरची लेक

अलीकडचा म्हणजे केव्हापासूनचा, हे एखाद्या जुन्या उताऱ्यासह दाखवावे, मग मानू.