संथ सिनेमा आपोआप थोर ठरतो का? (नुकत्याच पाहिलेल्या सिनेमांवरून)

उत्तररात्र :

हल्ली लागोपाठ बरेच सिनेमे पाहून झाले, आणि एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. 'किल' (मारधाड), 'भ्रमयुगम' (भयपट), 'महाराजा' (सूडकथा), 'वाळवी' (काळा विनोद), 'परफेक्ट डेज' आणि 'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट'. शेवटच्या दोघांना कुठल्या खणात टाकायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. 'कोर्ट'सुद्धा पुन्हा पाहिला. खाली रहस्यभेद आहेत, ज्यांना नको त्यांनी इथूनच मागे फिरावं.

मतं देतोच, पण आधी एक तक्रार. 'परफेक्ट डेज' पाहिला म्हटलं की समोरचा आदराने मान डोलावतो. 'किल' फार आवडला म्हटलं की 'अच्छा, ती ट्रेनमधली हाणामारी' असं म्हणून विषय बदलतो. संथ सिनेमाला आपण दारातच पन्नास गुण देऊन टाकतो आणि मारधाडपटाला पस्तिसाच्या वर चढू देत नाही, असं माझं ठाम मत झालंय.

'किल'ची गोष्ट दोन ओळींची आहे. दिल्लीकडे निघालेली गाडी, डब्यात घुसलेले दरोडेखोर आणि सुट्टीवरचा कमांडो. पण सिनेमाचं नाव पडद्यावर झळकतं ते जवळपास मध्यावर! तोवर नायक समोरच्याला आडवा करतो, सोडून देतो. नाव आल्यावर मात्र जीव घ्यायला लागतो. शिवाय हे दरोडेखोर भाड्याचे गुंड नाहीत, एकाच गोतावळ्यातले बाप-लेक, काका-पुतणे आहेत. प्रत्येक मुडद्यामागे त्यांच्यातला कुणीतरी हंबरडा फोडतो. नायकाचा राग शंभर टक्के रास्त असूनही एका टप्प्यावर आपल्याला त्याचीच भीती वाटायला लागते. पावणेदोन तासांच्या हाणामारीत हे साधणं सोपं नाही.

आता 'परफेक्ट डेज'. कोजी याकुशो यांना 2023 साली कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, त्याबद्दल दुमत नाही. पण टोकियोतल्या शिबुया भागात नामवंत वास्तुरचनाकारांकडून सार्वजनिक शौचालयं बांधून घेण्याचा प्रकल्प झाला आणि त्याच प्रकल्पातून हा सिनेमा निघाला, हे विसरून कसं चालेल? सिनेमाचा नायक, सफाई कामगार हिरायामा, छोटा आरसा धरून भांड्याच्या कडेची खालची बाजू तपासतो. तिथे तपासण्यासारखं काही नसतंच हो! सफाई कामगारावरच्या अख्ख्या सिनेमात घाण नाही. उन्हाची तिरीप आहे, झाडांचे फोटो आहेत, कॅसेटवरची जुनी गाणी आहेत. मला तर ते सुंदर माहितीपत्रक वाटलं.

'वाळवी'बद्दल एवढंच की बायकोचा खून आत्महत्या वाटावी म्हणून रचलेला बेत कसा फिसकटत जातो, हे परेश मोकाशींनी एकही गाणं न घालता फटाफट सांगितलंय. राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला तेव्हा बरं वाटलं. विनोदाला कुणीतरी गंभीरपणे घेतलं म्हणायचं.

खडूस प्रेक्षक :

तक्रार जुनी आहे आणि अर्धवट आहे. संथ सिनेमाला दारात पन्नास गुण देणारे कोण? बहुतेक लोक तर पहिल्या वीस मिनिटांत उठून जातात.

तुम्ही 'ऑल वुई इमॅजिन'चं नाव घेतलंत आणि त्यावर चकार शब्द लिहिला नाहीत, हे सोयीचं झालं. नायिका प्रभा मुंबईत नर्स, तिचा नवरा जर्मनीत. फोन येणं कधीचं थांबलेलं. एक दिवस घरी लाल रंगाचा राइस कुकर येतो, पाठवणाऱ्याची चिठ्ठी नाही. रात्री ती जमिनीवर बसून त्या कुकरला मिठी मारते. संवाद नाही. तुमच्या वेगवान सिनेमात इथे मैत्रिणीच्या तोंडी 'तुला अजून त्याची आठवण येते ना?' असं वाक्य आलं असतं आणि काम पाच सेकंदांत उरकलं असतं. इथे ती बाई आपल्याला ओळखीची होईपर्यंत दिग्दर्शिका पायल कपाडिया थांबते. 2024 साली कानला ग्रां प्री मिळालं ते काय नुसतं हळू चालल्याबद्दल?

उत्तररात्र :

कुकरचा प्रसंग अप्रतिम आहे, वादच नाही. पण त्याच सिनेमाचा उत्तरार्ध घ्या. मंडळी रत्नागिरीला जातात, किनाऱ्यावर बुडालेला माणूस सापडतो, प्रभा त्याला वाचवते आणि तो तिच्याशी नवरा असल्यासारखं बोलायला लागतो. हीच कल्पना एखाद्या भयपटात आली असती तर तुम्हीच 'ओढूनताणून' म्हणाला असतात. इथे ती 'काव्यात्म' होते.

शेवटची रांग :

काव्यात्मच आहे ती. आणि 'किल'चं म्हणाल, तर रडणारे नातेवाईक दाखवले म्हणून हिंसा शहाणी होत नाही. त्यांचा हुंदका संपायच्या आत पुढची कवटी फुटते, आणि ती कशी फुटली हे आपल्याला नीट, जवळून, आवाजासकट दाखवलं जातं. दिग्दर्शकाला खरंच त्या रडण्याशी घेणंदेणं असतं तर कॅमेरा तिथे थांबला असता. थांबत नाही, कारण तिकीट कवटीचं आहे.

तिरपागडी :

शेवटची रांग यांच्याशी सहमत, आणि मला तोच मुद्दा 'महाराजा'वर न्यायचाय. सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला सिनेमा, विजय सेतुपती उत्तमच. पण मला शेवटी फसवल्यासारखं वाटलं.

एक केशकर्तनालयवाला पोलिसात तक्रार घेऊन येतो की माझी 'लक्ष्मी' चोरीला गेली. लक्ष्मी म्हणजे घरातला कचऱ्याचा डबा. आपण हसतो. मग वेगवेगळ्या काळातले प्रसंग शेजारी शेजारी ठेवून ते एकाच काळातले आहेत असं आपल्याला वाटायला लावलं जातं. दीड-दोन तासांनी कळतं की मुळात त्या घरातल्या पोरीवर अत्याचार झालाय आणि बाप गुन्हेगारांच्या मागावर आहे. म्हणजे तिच्यावर जे झालं ते सिनेमाभर पत्त्यासारखं झाकून ठेवलंय, योग्य वेळी टाळ्या घेण्यासाठी. त्यावर आणखी एक धक्का, की ती मुलगी नेमकी कुणाची. तिच्या दुःखाचा उपयोग दोनदा केला, तिला बोलायला मात्र शेवटी जेमतेम एक प्रसंग.

मध्यंतर :

तिरपागडी, इथे कडाडून असहमत. झाकून ठेवणारा दिग्दर्शक नाही, बाप आहे! तो पोलिसांना खरं सांगू शकत नाही, म्हणून डबा. चौकीत त्याची टिंगल होते, मार बसतो, पैसे उकळले जातात, शेवटी पोलीस तोतया डबासुद्धा बनवून घेतात. हे सगळं आपण हसत पाहतो. खरं कळल्यावर आपण कुणाला हसत होतो ते लख्ख दिसतं. क्रम सरळ ठेवला असता तर पहिल्या दहा मिनिटांत आपण त्याच्या बाजूने झालो असतो आणि चौकीतल्यांना नावं ठेवून मोकळे झालो असतो. उलटापालट केलीय म्हणून आपणही त्या टिंगलीत सामील होतो.

तिरपागडी :

छान मांडलंत, पण पटलं नाही. तुमच्या सगळ्या उत्तरात बाप आहे, पोलीस आहेत, प्रेक्षक आहे. मुलगी कुठेय?

मध्यंतर :

सूडकथेत सूड घेणाराच मध्यभागी असणार ना? धागाकर्त्याचा, म्हणजे उत्तररात्र यांचा, मुद्दा तोच आहे. ज्या सिनेमाने जे काम अंगावर घेतलंय त्यावरून त्याला जोखा.

तिरपागडी :

काम कुठलं अंगावर घ्यावं हेही जोखायला नको का? नाहीतर उद्या कुठल्याही सिनेमाबद्दल 'त्याला तेवढंच करायचं होतं' म्हणून सुटता येईल.

निमूट :

इतका वेळ वाचत होतो. धागाकर्त्याने 'परफेक्ट डेज' आणि 'कोर्ट' एकाच यादीत लिहिलेत, पण शेजारी ठेवून पाहिले नाहीत. दोन्हीत सफाई कामगार आहे. दोन्ही संथ आहेत. आणि परिणाम एकदम उलटे.

'कोर्ट'मध्ये (चैतन्य ताम्हाणे, 2014) लोकशाहीर नारायण कांबळेंवर आरोप काय, तर त्यांच्या गाण्यामुळे एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली. मेलेला माणूस आपल्याला एकदाही दिसत नाही. त्याची बायको साक्षीला येते. वकील विचारतो तेवढ्याचंच उत्तर देते, सपाट आवाजात. आत उतरण्यापूर्वी तो झुरळं दिसतात का ते पाहायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. वासामुळे दारू प्यायचा. विषारी वायूने एक डोळा गेला होता. ती रडत नाही, पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा हलत नाही. न्यायमूर्ती ते सगळं कारकुनाला लिहून घ्यायला सांगतात, तेही आपल्या भाषेत बदलून. त्या झुरळांपुढे मला हिरायामाचा तो आरसा आठवला, आणि धागाकर्त्याचा राग समजला.

पण दोष संथपणाचा नाही. उलट 'कोर्ट'चा राग संथपणातच आहे. साध्या तारखेसाठी माणूस महिनोन्महिने आत राहतो, तिकडे बिनबाह्यांचा पोशाख केला म्हणून एका बाईचं प्रकरण ऐकायलाच नकार मिळतो. हा कंटाळा कापून काढला असता तर नुसती एक अन्यायाची बातमी उरली असती. शेवटी न्यायालय रिकामं होतं, दिवे एकेक करून बंद होतात, पडदा काळा. आपण उठायच्या बेतात. आणि सिनेमा पुढे चालू राहतो, न्यायमूर्ती सहलीला निघालेले! हा धक्का 'महाराजा'तल्या कुठल्याही धक्क्याइतकाच बेतलेला आहे.

उत्तररात्र :

निमूट, हे म्हणजे माझंच म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. 'कोर्ट' मोठा आहे कारण प्रत्येक लांबलेला क्षण काहीतरी करतो. 'परफेक्ट डेज'मध्ये चौथ्यांदा अंथरुणाची घडी घालताना पाहून मला काय मिळतं?

खडूस प्रेक्षक :

पाचव्यांदा ती घडी चुकते तेव्हा कळतं! सहकारी अचानक काम सोडतो, हिरायामाला दुप्पट काम पडतं आणि तो पहिल्यांदाच फोनवर चिडतो. आधीची सगळी शिस्त पाहिली नसती तर ते चिडणं लागलंच नसतं. बहीण ड्रायव्हर असलेल्या गाडीतून येते, विचारते की तू खरंच शौचालयं साफ करतोस? तो हो म्हणतो, मिठी मारतो, ती गेल्यावर रडतो. हा माणूस कुठून आला, का आला, काही सांगत नाहीत. माहितीपत्रकात असलं काही नसतं.

निमूट :

तो रडतो ते स्वतःसाठी. बाकीच्या सफाई कामगारांचं काय? निवडीने गरीब झालेला माणूस पाहायला सोपा जातो.

काळी मांजर :

एवढी चर्चा झाली आणि अ‍ॅनिमेशनचं कुणी नाव काढलं नाही. हीच खरी जातपात! 'फ्लो' पाहा. लाटव्हियाचा सिनेमा, 2025 साली ऑस्कर घेऊन गेला, तोही ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला. एकही संवाद नाही, एकही माणूस नाही. पूर येतो आणि एक मांजर, एक कॅपिबारा, एक लेमूर, एक कुत्रा आणि एक लांबटांग्या पक्षी एकाच नावेत. प्राणी माणसासारखे वागत नाहीत, हे विशेष. मांजर मांजरासारखंच बिथरतं, कानांची दिशा आधी बदलते, मान मागून वळते. आवाज खऱ्या प्राण्यांचे, पण कॅपिबाराचा खरा आवाज फार किरटा म्हणून त्याला उंटाच्या पिलाचा आवाज दिलाय. कुणालाही दाखवायला गेलं की उत्तर ठरलेलं, 'मुलांसाठी असेल ना?'

शेवटची रांग :

मांजराच्या नावाच्या आयडीकडून हीच शिफारस अपेक्षित होती :)

पण उत्तररात्र, एक सांगा. 'भ्रमयुगम' तुम्ही यादीत घेतलात आणि सोडून दिलात. तो भयपटही आहे आणि संथही आहे. सबंध कृष्णधवल, वाड्यात मोजकी माणसं. तुमच्या हिशेबात तो पन्नास गुणांच्या दारातून आत आला की पस्तिसाच्या?

उत्तररात्र :

दोन्हीकडून अडवला गेला, म्हणून तर सोडला होता. भयपटवाले म्हणाले काही घडत नाही, कलात्मकवाले म्हणाले मल्याळम सुपरस्टार मामुट्टीचा आहे म्हणून गर्दी. मला यादीतला सगळ्यात सरस तोच वाटला. गुलामीतून पळालेला गायक वाड्यावर येतो, मालक त्याला सोंगट्यांच्या डावाला बसवतो. गायकाकडे पणाला लावायला काही नाही, तर मालक म्हणतो, तुझा वेळ लाव. हरल्यावर तो वाड्यातून बाहेर पडूच शकत नाही. वेठबिगारी याहून कमी शब्दांत कुणी दाखवली असेल तर सांगा. आणि भूत आहे म्हणूनच ते दाखवता आलं, वास्तववादी सिनेमाला त्यासाठी तीन भाषणं लागली असती.

खडूस प्रेक्षक :

'कोर्ट'मध्ये एकही भाषण नाही.

मध्यंतर :

शाहिराचं गाणं आहे की!

तिरपागडी :

गाणं आणि भाषण यातला फरक यांना समजावून सांगा कुणीतरी, मी थकले. आणि 'तुंबाड'बद्दल कुणीच कसं बोललं नाही? 2018 साली आला तेव्हा थंडा प्रतिसाद, 2024 मध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई. भयपटाला पस्तिसावर कोण अडवतं याचं उत्तर तिथेच शोधावं लागेल. प्रेक्षकांनी तर अडवलं नाही.

शेवटची रांग :

पहिल्या वेळी प्रेक्षकांनीच अडवलं होतं. बाकी 'तुंबाड'साठी वेगळा धागा काढा, तिथे मी सविस्तर भांडेन.