अनुभव धागा: विशेष गरजा असलेल्या मुलांचे उपचार आणि सरकारी मदत (इंदूर)

रामबागकर
मंडळाच्या ग्रुपवर काल एका ताईंनी विचारलं, "लेकाला सेरेब्रल पाल्सी आहे, आयुष्मान कार्ड निघालं की फिजिओथेरपी फुकट होईल ना?" हा प्रश्न वर्षानुवर्षं कानावर येतो आणि दर वेळी कुणीतरी "हो हो, सगळं होतं" म्हणून मोकळं होतं. म्हणून धागा काढतोय. ज्याला जे पक्कं ठाऊक आहे तेच लिहा. "ऐकलंय की..." नको.

सुरुवात मी करतो. आयुष्मान हे भरती झाल्यावर कामाला येणारं कार्ड. कुटुंबाला वर्षाला ५ लाख, आजार आधीपासूनचा असला तरी पहिल्या दिवसापासून लागू, घरात माणसं किती याला मर्यादा नाही. ऑपरेशन, आयसीयू, केमो, डायलिसिस, शिवाय भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि सुट्टीनंतरचे १५ दिवस त्यातच. पण आठवड्यातून तीनदा जाऊन घ्यायची फिजिओ किंवा स्पीच थेरपी, फिट्सच्या रोजच्या गोळ्या, ओपीडीची फी, यातलं काही त्यात बसत नाही. थेरपीची दारं दोन: सहा वर्षांपर्यंत जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी (मुलांच्या लवकर निदान-उपचाराचं सरकारी केंद्र), आणि निरामय हा अपंगांसाठीचा आरोग्य विमा. ताईंनी ही दोन आणि आयुष्मान, तिन्ही धरून ठेवावीत. एकाच कार्डात सगळं शोधणारा माणूस हमखास लटकतो.

भुट्टे_का_कीस
आयुष्मानच्या आधी समग्र (मध्य प्रदेशातला कुटुंब-नोंदणी आयडी), समग्रच्या आधी आधार. हा क्रम उलटा केला की चपला झिजतात.

बाळाचा जन्मदाखला, त्यावरून बाल आधार (५ वर्षांखाली बोटांचे ठसे लागत नाहीत, आई किंवा वडिलांचं आधार जोडतात), मग झोन कार्यालयातून बाळाचं नाव कुटुंबाच्या समग्रमध्ये. कुटुंबाचा आयडी ८ आकडी, सदस्याचा ९ आकडी. लोक ८ आकडीच नंबर सगळीकडे ठोकतात आणि मग "सदस्य मिळत नाही" येतं. समग्रमध्ये नाव चढलं की पात्रता पर्चीत (रेशनच्या पात्रतेची चिठ्ठी) चढवायचं, आणि त्यानंतर आयुष्मानची ई-केवायसी.

जन्मदाखल्यावर नुसतं "बेबी ऑफ अमुक" असेल तर तिथेच थांबा. आधी दाखल्यात नाव घालून घ्या. नाहीतर आधारवर एक, समग्रवर दुसरं, आणि भरतीच्या दिवशी आयुष्मान मित्र (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) हात वर करतो.

तिळगूळ
आमच्याकडे आजोबांचं ७० वर्षांवरचं आयुष्मान आहे. नातवाला चालेल का?

भुट्टे_का_कीस
नाही. ते ५ लाख फक्त ७०च्या पुढच्या माणसासाठी, घरातल्या इतर कुणाला त्यातलं काही नाही. नातवासाठी कुटुंब पात्र लागतं: २०११च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणात नाव, किंवा संबल (असंघटित मजुरांची राज्य योजना), किंवा पात्रता पर्ची.

तिळगूळ
बरं. आजोबा खूश होतील, त्यांचं कार्ड त्यांच्यापाशीच राहिलं 😄

धाररोडवरून
यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून घाईत.

स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा: फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, सही किंवा अंगठा. अंगठा पांढऱ्या कागदावर घेऊन फोटो काढा, रेघांच्या वहीवरचा परत येतो. अर्जात तपासणीचं रुग्णालय निवडताना आपल्या जिल्ह्याचं निवडा. अर्ज केला म्हणजे कार्ड घरी येणार असं नाही, रुग्णालयाच्या वैद्यकीय बोर्डासमोर मूल न्यावंच लागतं. सोबत सगळे जुने रिपोर्ट, एमआरआय, बेरा (ऐकण्याची तपासणी), आयक्यूची चाचणी.

कार्डाचे रंग तीन. ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ८०च्या आत पिवळं, ८० आणि पुढे निळं. बहुतेक योजनांचं दार ४०ला उघडतं, त्यामुळे पांढरं हातात घेऊन रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. आधी फेरतपासणी मागा.

पाच वर्षांखालच्या मुलाला बौद्धिक अपंगत्वाचा शिक्का मारत नाहीत, "ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले" लिहितात आणि प्रमाणपत्र तात्पुरतं असतं. त्यावर नूतनीकरणाची तारीख छापलेली असते. ती तारीख उलटली की पुढची सगळी माळ तुटते, निरामयसुद्धा.

निवांत_दुपार
ऑटिझमवाल्यांसाठी जोड. बोर्ड इसा या ऑटिझम मोजायच्या चाचणीवर चालतं. ४० प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७०पासून ऑटिझम धरतात आणि तिथे ४० टक्के मिळतात. गोम अशी की मूल त्या वीस मिनिटांत शांत बसलं तर गुण कमी पडतात. मोबाइलवर घरचे व्हिडिओ ठेवा: हात फडफडवणं, कानावर हात दाबून ओरडणं, नावाला वळून न बघणं, जेवताना काय होतं ते. प्रत्येकी मिनिटभराचे पुरे. तपासणारा स्वतःहून मागत नाही, आपणच "हे बघता का" म्हणायचं. शाळेचं पत्र असलं तर उत्तम.

आणि मुलाला उपाशी नेऊ नका. बोर्डाच्या दिवशी रांग लांब असते.

जेलरोडची_मावशी
पोहे डब्यात घालून न्या गं, शेव वेगळी ठेवा नाहीतर मऊ पडते.

निवांत_दुपार
मावशी 🙏 शेव वेगळीच.

सांख्यिकी
निरामय सविस्तर, कारण अर्धवट माहितीने यातच सगळ्यात जास्त पैसे बुडतात.

ही योजना नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारी संस्थेची, म्हणजे १९९९च्या कायद्यातल्या चारच अवस्थांना: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व, बहुविकलांगता. नुसतं बहिरेपण, नुसतं अंधत्व, थॅलेसीमिया, हिमोफिलिया यांना नाही. यूडीआयडी असूनही नाही. रक्कम वर्षाला १ लाखापर्यंत. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि अमुकच रुग्णालय हवं अशी यादी नाही. नोंदणी बीपीएलला २५० रुपये, इतरांना ५००. नूतनीकरण ५० आणि २५०. नैसर्गिक आईवडील सोडून दुसरं कुणी कायदेशीर पालक असेल तर शुल्क माफ.

आता खाचखळगे. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. जानेवारीत काढलंत तरी ३१ मार्चलाच संपणार, म्हणून एप्रिलात काढा. १ लाख हा एकगठ्ठा आकडा नाही, आत कप्पे आहेत: भरती, ओपीडी, थेरपी, पर्यायी उपचार, आणि प्रवासाचे १०००. थेरपीचा कप्पा संपला म्हणून भरतीच्या कप्प्यातून मिळत नाही.

पैसे आधी आपण भरायचे, मग मागायचे. थेरपीच्या बिलावर नुसतं "मार्च महिन्याचे ६०००" लिहिलेलं असेल तर ते परत आलंच म्हणून समजा. तारीखवार सेशन, प्रत्येक सेशनचा दर, थेरपिस्टची सही आणि शिक्का, जिथे लागू असेल तिथे पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक, आणि मुलाचं नाव आधारवर जसं आहे तसंच. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी, "आठवड्यातून ३ वेळा, ६ महिने" असं स्पष्ट लिहिलेली. बिल मूळ लागतं, झेरॉक्स आपल्याकडे. रद्द केलेला चेकही जोडा. मागणी ३० दिवसांच्या आत टाका, वर्षाची बिलं साठवून मार्चअखेर एकदम पाठवायची सवय सोडा.

रामबागकर
हेच हवं होतं. मुख्य धाग्यात वर टाकता येईल का?

सांख्यिकी
टाका. मात्र "स्वावलंबन विमा" नावाची जुनी पत्रकं अजून फिरतात, ती योजना बंद आहे. पोर्टलचं नावही स्वावलंबन असल्याने लोक गल्लत करतात.

किती_वाजले
रविवारी लोकमान्य नगरात झेरॉक्स कुठे उघडं असतं?

जेलरोडची_मावशी
स्टेशनकडे जा, तिकडे रविवारचंही मिळतं.

पांढरा_ॲप्रन
डीईआयसीबद्दल. हे २०१३च्या आरबीएसकेचा, म्हणजे मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणी कार्यक्रमाचा भाग आहे: जन्मतः दोष, कमतरता, आजार, विकासातला उशीर, वय ० ते १८. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा पथक येतं. पण पथकाची वाट बघायची गरज नाही, थेट जिल्हा रुग्णालयात नेता येतं. खासगी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पालकांना हे बहुतेक ठाऊकच नसतं.

नऊ जन्मदोषांची यादी पाठ ठेवा: मज्जारज्जूचा दोष, डाउन सिंड्रोम, फाटलेला ओठ-टाळू, वाकडं पाऊल, नितंबाचा सांधा सरकणं, जन्मजात मोतीबिंदू, जन्मजात बहिरेपण, हृदयदोष, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा डोळ्याचा पडदा.

शेवटच्यात वेळ फार कमी असते. ३४ आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा २ किलोहून कमी वजनाचं बाळ असेल तर ३० दिवसांच्या आत पडदा तपासायचाच. २८ आठवड्यांआधीचं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. डिस्चार्ज कागदावर "आरओपी तपासणी" लिहिलं आहे का बघा. नसेल तर विचारा. पडदा सुटल्यावर कोणतंच कार्ड उपयोगाचं नाही.

वाकड्या पावलाला दर आठवड्याला एक प्लास्टर, साधारण ५ ते ७, मग टाचेची शीर मोकळी करणं, मग बूट: पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, नंतर झोपताना चार-पाच वर्षांपर्यंत. पाऊल सरळ दिसलं की घरचे बूट काढून टाकतात आणि ते परत वळतं. प्लास्टरमुळे नाही, बूट सुटल्यामुळे.

सराफ्याचा_जागरी
हृदयाचं छिद्र असेल आणि आयुष्मानमध्ये बसत नसाल तरी दार बंद नाही. आपल्याकडे मुख्यमंत्री बाल हृदय उपचार योजना आहे, रस्ता आरबीएसकेमधूनच जातो: इको रिपोर्ट, संलग्न रुग्णालयाचं खर्चपत्रक, मंजुरी, मग ऑपरेशन. मंजुरीच्या आधी स्वतःच्या खिशातून ऑपरेशन केलं तर पैसे परत मिळतील असं धरू नका. पंतप्रधान मदत निधीचंही तसंच, झालेला खर्च ते देत नाहीत.

नवा रायपूर आणि खारघरचं सत्यसाई संजीवनी रुग्णालयही विसरू नका. तिथे लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं पूर्ण मोफत होतात. कागद कमी, पण तारखेसाठी थांबावं लागतं.

ओलीचिंब
थॅलेसीमियाचं कुणी बोलतच नाही. २०१६च्या कायद्यात थॅलेसीमिया, हिमोफिलिया, सिकल सेल तिन्ही अपंगत्वात मोडतात, यूडीआयडी निघतं. रक्त सरकारी रक्तकेंद्रात मोफत आणि बदली रक्तदाता मागायचा नाही. मागितला तर "हे लेखी द्या" असं शांतपणे म्हणा, बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो.

बोन मॅरो प्रत्यारोपणासाठी भावंडाची एचएलए (ऊती जुळण्याची तपासणी) जुळली तर थॅलेसीमिया बाल सेवा योजना बघा, कोल इंडियाच्या निधीतून १० लाखांपर्यंत. पैसे थेट ठरलेल्या रुग्णालयाला जातात. इंदुरात एमवाय या सरकारी रुग्णालयातही प्रत्यारोपणाचं युनिट आहे. फेरिटिन (शरीरात साठलेल्या लोहाचं माप) वाढलेलं असेल तर प्रत्यारोपण लांबतं, म्हणून लोह उतरवायच्या गोळ्या चुकवू नका. हे योजनेच्या फॉर्मवर कुठे लिहिलेलं नसतं.

मंडळातली_ताई
प्रश्न विचारणारी मीच. वाचतेय सगळं, डोकं गरगरतंय. मुलगा साडेचार वर्षांचा. पायाला कॅलिपर सांगितलेत, ते कशात बसतात?

धाररोडवरून
ताई, दमानं घ्या. कॅलिपर एडिप या अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या योजनेत. घरचं मासिक उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत निम्मं. यूडीआयडी, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांची चिठ्ठी. मोठ्यांना तीच वस्तू तीन वर्षांत पुन्हा मिळत नाही, पण १२ वर्षांखालच्या मुलाला एक वर्षानंतर मिळते, कारण पाय वाढतो. खिडकीवर तीन वर्षांचा नियम ऐकवला तर हे सांगा. ही साधनं बनवणाऱ्या एलिम्को या सरकारी कंपनीचं केंद्र उज्जैनला आहे, माप तिथेही देता येतं. शिबिरात माप दिलं की वस्तू पुढच्या शिबिरात येते, तोवर पाय पुढे गेलेला असतो. म्हणून माप देताना पट्ट्याला वाढीची जागा ठेवायला सांगा.

सांख्यिकी
ताई, तुमचा क्रम असा: साडेचार म्हणजे डीईआयसीची दीड वर्षं हातात आहेत, उद्याच नाव घाला. यूडीआयडीचा अर्ज त्याच आठवड्यात, अर्जात सेरेब्रल पाल्सीवर खूण करा, नुसतं "चलन अपंगत्व" नको, निरामयला नाव जुळावं लागतं. कार्ड आलं की निरामय. आयुष्मान समांतर चालू द्या, ते बोटॉक्स (ताठ स्नायू सैल करणारं इंजेक्शन) किंवा स्नायूच्या ऑपरेशनच्या वेळी बघू. पॅकेज आहे का ते भरतीआधी आयुष्मान मित्राकडून लेखी घ्या.

मंडळातली_ताई
समग्रमध्ये त्याच्या नावात एक काना जास्त आहे. चालेल?

भुट्टे_का_कीस
नाही चालणार 😅 आधी तो काना. झोन कार्यालयात आधारची प्रत द्या, पोचपावती घ्या. अडलं तर १८१ ही मुख्यमंत्री हेल्पलाइन, नाहीतर मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई.

किती_वाजले
स्टेशनवरचं झेरॉक्स मिळालं, धन्यवाद मावशी. पानाला दोन रुपये घेतले.

जेलरोडची_मावशी
लुटलं तुला.