खप होता, जाहिराती नव्हत्या

डावी वर्तमानपत्रं कोणी वाचत नाही म्हणून बंद पडतात, बाजाराचा तो कौल मान्य करावा, असं काही जण म्हणतात. काही पत्रांबाबत ते खरं असेल. पोथीनिष्ठ, रटाळ लिहिलं तर सहानुभूती असलेला वाचकही टिकत नाही. पण सरसकट नियम म्हणून हे मला अजिबात पटत नाही.

ब्रिटनमधल्या 'डेली हेरल्ड'चं काय झालं ते बघा. कामगार चळवळीतून उभं राहिलेलं हे दैनिक १९३३ मध्ये रोज वीस लाख प्रती खपवत होतं. १९६४ मध्ये ते बंद झालं तेव्हाही खप बारा लाखांच्या वर होता आणि वाचक सुमारे ४७ लाख, म्हणजे 'टाइम्स', 'गार्डियन' आणि 'फायनान्शियल टाइम्स' या तिघांच्या मिळून होतील त्याच्या जवळपास दुप्पट! कमी पडल्या त्या जाहिराती. वाचक बहुतेक कामगारवर्गातले, त्यांच्या खिशात पैसा कमी, त्यामुळे जाहिरातदारांना त्यांच्यात रस नव्हता. वर्तमानपत्र छापील किमतीत चालत नाही, बराचसा खर्च जाहिरातींतून निघतो. म्हणजे वाचकाच्या मताआधी जाहिरातदाराचं मत पडतं, आणि तेही वाचकाची ऐपत बघून. एडवर्ड हर्मन आणि नोम चॉम्स्की या अमेरिकी अभ्यासकांनी १९८८ मध्ये माध्यमांच्या ज्या पाच चाळण्या मांडल्या (म्हणजे काय छापलं जाईल आणि काय गाळलं जाईल हे ठरवणाऱ्या गोष्टी), त्यातली दुसरी हीच, जाहिरातींची. तिथे कोणी संपादकाला फोन करून धमकावण्याची गरजच पडत नाही. 'हेरल्ड'च्या जागी त्याच वर्षी आलेलं पत्र म्हणजे 'द सन'. १९६९ मध्ये ते माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉक यांनी विकत घेतलं.