अनुभव धागा : हे मत आपल्याला कोणी दिले?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्यापैकी अनेकांची भारतात असताना एकाही कृष्णवर्णीय माणसाशी ओळख नव्हती, तरीही येथे उतरल्यावर काही आठवड्यांतच त्यांच्याविषयीचे आपले मत पक्के झालेले असते. ते कोणी दिले आणि आपण पुढे कोणाला दिले, एवढेच लिहावे, ही विनंती. इतरांचे पूर्वग्रह सांगायला आपल्याला फारसे निमंत्रण लागत नाही, म्हणून सुरुवात स्वतःपासून करतो. 2003 साली शिकायला आलो, तेव्हा विमानतळावर न्यायला आलेल्या सिनियर मुलांनी बँकेचे खाते, फोन, सोशल सिक्युरिटी कार्ड यांच्या ओघातच सांगितले, "मोठ्या रस्त्याच्या पलीकडे खोली बघू नकोस, तिकडे कल्लू राहतात." बाकीचे सगळे सल्ले उपयोगी ठरल्यामुळे याही सल्ल्याची शंका आली नाही. पुढच्या वर्षी नव्या मुलांना आणायला मी गेलो आणि तेच वाक्य म्हणालो. तोवर तो रस्ता मी एकदाही ओलांडलेला नव्हता.

— घर घेताना आम्ही एजंटला विचारले की, या भागात कोणते लोक राहतात. 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार वंश पाहून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवता येत नाही, त्यामुळे त्याने विषय बदलला. उत्तर आमच्या स्नेह्यांनी दिले, तेही 'शाळा चांगल्या नाहीत' अशा सभ्य शब्दांत. तेच शब्द मी नंतर तीन कुटुंबांना सांगितले.

— मी 1971 साली आलो. कचेरीतील गोरे सहकारी कौतुकाने म्हणत, "तुम्ही लोक वेगळे आहात." कोणापेक्षा वेगळे, हे त्यांना बोलावे लागत नसे आणि मलाही विचारावेसे वाटले नाही. ते कौतुक मी घरी आणले, आणि 'आपण कष्टाने वर आलो, यांनाच का जमत नाही' हे वाक्य मुलांनी माझ्याच तोंडून ऐकले. ज्या 1965 च्या स्थलांतर कायद्याने राष्ट्रनिहाय कोटा रद्द केला आणि माझ्यासारख्या शिकलेल्यांना दार उघडले, तो नागरी हक्कांच्या चळवळीने निर्माण केलेल्या वातावरणात संमत झाला, आणि त्या चळवळीत मार खाणारे बहुतांशी हेच कृष्णवर्णीय लोक होते, हे मला निवृत्तीनंतर वाचून कळले. 1987 साली जर्सी सिटीत भारतीयांवर हल्ले झाले, तेव्हा आमचे वेगळेपण कोणी विचारात घेतले नाही.

— येथील एका कार्यक्रमात एका गृहस्थांनी मला आधी आडनाव विचारले, मग मूळ गाव, मग गावातला भाग. आणि माझी जात लक्षात आल्यावर त्यांनी विषय बदलून आपल्या शहरात 'काळे' किती वाढले आहेत ते सांगितले. वस्तीवरून माणूस ओळखण्याची विद्या त्यांनी सोबतच आणली होती.

— माझा जन्म येथलाच. सातवीत असताना एक कृष्णवर्णीय मैत्रीण घरी आली. आईने तिचे मनापासून स्वागत केले आणि मग मला मराठीत विचारले, "हिचे वडील असतात ना घरी?" ज्या गोऱ्या मैत्रिणीच्या आईवडिलांचा घटस्फोट झाला होता, तिच्याबद्दल हा प्रश्न कधीच आला नव्हता. मला राग आला, पण मैत्रिणीला कळू नये म्हणून मीही मराठीतच उत्तर दिले, "हो, असतात."