ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्केत झिल्बरमान यांचाच ऑर्गन पुन्हा घडवायला हवा होता का?

मूळ मुद्दा
ऑर्गन म्हणजे नळ्यांमधून हवा सोडून वाजवायचे मोठे वाद्य. ऑर्गन बांधणारे कारागीर गॉटफ्रीड झिल्बरमान (१६८३–१७५३) यांनी जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात असे सुमारे पन्नास ऑर्गन बांधले. फ्राउएनकिर्के चर्चमधला तीन कीबोर्डांचा, ४३ स्टॉपांचा (म्हणजे वेगवेगळ्या नादांच्या नळीसंचांचा) ऑर्गन त्यांनी १७३६ साली पूर्ण केला आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांनी त्यावर वादन केले. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात चर्चसह तो नष्ट झाला. चर्च २००५ साली जुने दगड वापरून मूळ रूपात उभे राहिले, पण ऑर्गन मात्र स्ट्रासबुर्गच्या डॅनियल केर्न यांच्याकडून चार कीबोर्डांचा नवा करून घेतला गेला आणि जुने रूप त्याच्या दर्शनी भागाला मिळाले. दगडांना लावलेला न्याय नादाला नाकारला गेला, हे मला चुकीचे वाटते.

प्रतिसाद १
मी असहमत आहे. १९४५ पूर्वीच त्या ऑर्गनमध्ये फेरफार झाले होते, म्हणून प्रतिकृती नेमकी कोणत्या अवस्थेची करायची, हा प्रश्न उरतोच. शिवाय त्याच शहरातल्या होफकिर्के या दुसऱ्या चर्चमध्ये झिल्बरमान यांचा अखेरचा ऑर्गन आहे. त्याच्या नळ्या युद्धकाळात काढून ठेवल्यामुळे वाचल्या आणि १९७१ साली तो पुन्हा वाजू लागला. अस्सल वाद्य इतक्या जवळ असताना नक्कल कशासाठी?

प्रतिसाद २
उलट, अस्सल वाद्ये शिल्लक आहेत म्हणूनच पुनर्निर्मिती शक्य होती. फ्रायबर्ग कॅथेड्रलमधला १७१४ चा मोठा ऑर्गन आजही वाजतो, त्यामुळे नळ्यांची मापे, धातूचे मिश्रण आणि वाऱ्याचा दाब यांचा अभ्यास त्यावरून करता येतो. मात्र झिल्बरमान यांच्या स्वरजुळणीत नेहमीच्या पट्ट्यांमधले गांधार गोड लागत आणि दूरच्या पट्ट्या कर्कश होत, ही अडचण प्रतिकृतीच्या समर्थकांनी मोकळेपणाने मान्य करायला हवी.

प्रतिसाद ३
माझ्या मते हीच अडचण निर्णायक आहे. चर्च हे संग्रहालय नव्हे. तिथे दूरच्या पट्ट्याही वापरणारे, रोमँटिक काळातले (एकोणिसाव्या शतकातले) फ्रेंच संगीतही वाजते आणि चौथ्या कीबोर्डाची सोय त्यासाठीच आहे. स्वतः झिल्बरमान ही विद्या स्ट्रासबुर्गमध्ये, थोरले बंधू आंद्रेआस यांच्या हाताखाली शिकले होते, तेव्हा तिथल्या कारागिराची निवड परकी म्हणता येणार नाही.

मूळ लेखकाचे उत्तर
केर्न यांच्या कौशल्याबद्दल माझी तक्रार नाही. पण फ्रेंच रोमँटिक संगीतासाठी युरोपभर उत्तम वाद्ये आहेत. १७३६ चा तो ऑर्गन याच घुमटाखालच्या नादासाठी घडवला होता आणि घुमट पुन्हा उभा राहिल्यावर तो तिथे ऐकण्याची संधी आपण सोडून दिली.